घरच्या घरी कासवं, ससे, इग्वाना यांचं रेस्क्यू काढायचंय? आधी काय घेणार नाही ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न मला असा कळलाय. बडोद्यात कारेलीबागेत स्वतःचं घर, तळमजला आणि वर गच्ची. घरात तुम्ही दोघं, आठवीतला मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई. लोकांनी आणून दिलेली चार रेड-इअर्ड स्लायडर, म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेली पाण्यातली कासवं आहेत, सशांची एक जोडी आणली होती तिचे आता बरेच ससे झालेत, आणि मिस्टरांच्या मित्राची बदली झाली म्हणून ते त्यांचा इग्वाना, म्हणजे परदेशी मोठा सरडा, तुम्हाला देतायत. तर मग आता रीतसर रेस्क्यूच काढावं, म्हणजे लोकांना नको झालेले प्राणी सांभाळून दत्तक द्यावेत, त्याला जागा किती लागेल, रजिस्ट्रेशन कुठे करायचं, असं विचारलंय.

मी इथे बडोद्यातच प्रॅक्टिस करतो. कुत्री-मांजरं असतातच पण ससे, गिनीपिग, कासवं, पक्षी यांचंही काम भरपूर येतं, त्यामुळे घरातून चालणारी अशी रेस्क्यू सुरू होताना आणि बंद पडताना जवळून बघितलीयत. बंद पडतात ती माया कमी पडली म्हणून नाही, उलट मायेपोटी कोणालाच नाही म्हणता आलं नाही म्हणून पडतात. प्राणी आत येतो तो एका दुपारी, बाहेर जायला त्याला महिने लागतात, आणि कासव असेल तर कधी कधी ते जातच नाही. म्हणून जागा किती हा तुमचा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. आधी हे ठरवा की एका वेळी किती, कोणते, आणि काय अजिबात घ्यायचं नाही. जागेचा हिशोब त्यातूनच निघतो.

स्लायडरपासून सुरुवात करतो कारण तुमच्याकडे सगळ्यात जास्त फोन त्याचेच येणार. लोक वास्तूसाठी, लक्ष्मी येते म्हणून किंवा मुलाने हट्ट केला म्हणून घेतात, तेव्हा ते ३-४ सेंटिमीटरचं असतं आणि सोबत प्लॅस्टिकच्या झाडाचा एक छोटा टब मिळतो. मादी पूर्ण वाढली की २५ ते ३० सेंटिमीटर होते आणि नीट सांभाळली तर २०-३० वर्षं आरामात जगते. पाण्याचा साधा अंदाज म्हणजे कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर, म्हणजे दहा इंचाच्या एका मादीला ४०० लिटर, आणि तुमची चारही कासवं मोठी झाली की दीड हजार लिटरच्या पुढे. आता तुम्ही लिहिलंय की गच्चीवर हौद बांधू. पाणी फक्त दीड फूट भरलं तरी दर चौरस मीटरला साडेचारशे किलो वजन येतं, आणि राहत्या घराच्या स्लॅबला माणसं-सामान धरून साधारण २०० किलोचा हिशोब केलेला असतो, गच्चीला तर बऱ्याचदा त्याहून कमी. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय गच्चीवर हौद करू नका, ही गोष्ट मी अगदी जोर देऊन सांगतोय. तळमजल्यावर करावं तर तुमच्या भागात ऑगस्ट २०२४ मध्ये काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे, विश्वामित्री नदीचं पाणी घरात आलं आणि मगरी सोसायट्यांमधून फिरत होत्या. त्यामुळे तळमजल्यावर ठेवायचं असेल तर प्रत्येक टबाचं कासव पंधरा मिनिटांत वर नेता येईल अशी क्रेट आधीपासून धुऊन तयार हवी. टब उचलायचा नाही, फक्त कासव उचलायचं, पाणी वर परत भरता येतं.

आणि एक, सोडून देणं हा पर्याय नाहीच. सुरसागरात नाही, कमाटीबागेच्या तळ्यात नाही, नर्मदेतही नाही. स्लायडर हे मूळचं अमेरिकेतलं कासव, आणि आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जगातल्या सगळ्यात घातक १०० घुसखोर प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या देशी कासवांची ऊन खायची जागा आणि खाणं दोन्ही ते बळकावतं आणि सोबत रोगही नेतं. लोक तुम्हाला म्हणतील, पुण्याचं काम आहे, सोडून देऊ. तुम्ही त्यांना हे समजावून सांगितलंत तरी रेस्क्यूचं मोठं काम झालं.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तुमच्या कामापुरते त्याचे तीन भाग करा. पहिला भाग आपले रानटी प्राणी. स्टार कासव, तळ्यातलं मऊ कवचाचं देशी कासव, घोरपड, कुठलाही साप, मगरीचं पिल्लू, हिरवा पोपट, हे घरी ठेवायचेच नाहीत, दोन दिवससुद्धा नाहीत. बडोद्यात एकदा कळलं की या घरात सरपटणाऱ्यांचं रेस्क्यू आहे की पावसाळ्यात नागाचे, घोणसाचे फोन तुम्हालाच येणार, लोक रात्री दोनला फोन करतात. उत्तर एकच ठेवा, वनखात्याला कळवा, आणि जखमी प्राणी असेल तर १९६२ वर गुजरात सरकारची करुणा अ‍ॅम्ब्युलन्स. रानटी प्राण्यांचं रेस्क्यू सेंटर कायद्याने झूच्या व्याख्येत बसतं, त्याला सेंट्रल झू अथॉरिटीची मान्यता लागते, ते घरातून होण्यासारखं काम नाही. हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असलेला छोटा प्राणी, त्याच्या बाबतीत नीट बघा, कारण गुजरातमध्ये हेजहॉगच्या रानटी जाती आहेत, ज्याला इथे शेळो म्हणतात, आणि लोक शेतात सापडलेला शेळो पाळीव समजून आणून देतात.

दुसरा भाग म्हणजे परदेशी पण सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतले. इग्वाना, बॉल पायथन हा छोटा अजगर, सन कॉन्युअर आणि आफ्रिकन ग्रे हे पोपट, हे सगळे त्यात येतात. यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर करावी लागते, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम आले, ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती आणि नवीन आला तर ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. प्राणी दुसऱ्याकडे गेला, पिल्लं झाली, मेला, तेही कळवायचं असतं. म्हणून मिस्टरांच्या मित्राला पहिला प्रश्न हा विचारा की नोंदणी त्यांच्या नावावर आहे का, कागद दाखवा. नसेल तर प्राणी तुमच्या दारात यायच्या आधी त्यांनी स्वतः वनखात्यात जाऊन बोलावं. मैत्रीत हे विचारायला अवघड वाटतं मला माहितीय, पण एकदा प्राणी तुमच्या घरात आला की उत्तर तुम्हाला द्यायचंय. तिसरा भाग सोपा आहे, ससा, गिनीपिग, हॅम्स्टर आणि बजी, कॉकटील हे छोटे पाळीव पोपट यांना ही नोंदणी नाही.

कागद असले तरी माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी इग्वाना घेऊ नका. शेपटीसकट पाच फुटांपर्यंत जातो, कपाटाएवढा नाही तर छोट्या खोलीएवढा पिंजरा लागतो, आणि मोठा नर विणीच्या काळात खरंच चावतो, तीन वर्षांच्या मुलीच्या घरात ते नको. सापही नको, बॉल पायथन तसा शांत असतो पण त्याला उंदीर द्यावे लागतात, ते फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात, आणि तुमच्या सासूबाई व शेजारची जैन कुटुंबं यांच्या दृष्टीने ते किती चालेल हे तुम्हीच जाणता. ज्या घरात रोज वाद होतो तिथे प्राण्याचीही आबाळ होते.

मुलीचा विषय निघालाच आहे तर साल्मोनेला. दिसायला ठणठणीत कासव किंवा सरडाही हा जंतू अंगावर बाळगतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे ती याचमुळे, लहान मुलं ती तोंडात घालायची. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना हा आजार जोरात होतो, आणि तुमच्या घरी दोन्ही टोकं आहेत. कासवाचा टब, फिल्टर, दगड स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही धुवायचे नाहीत, त्यासाठी बाहेरचा नळ, वेगळी बादली, वेगळा ब्रश. मुलीने कासव बघायचं, हातात घ्यायचं नाही. मोठ्यांनी हात लावल्यावर साबणाने धुवायचे, सॅनिटायझरवर भागवायचं नाही.

नवा प्राणी आला की थेट जुन्यांमध्ये सोडायचा नाही, ही दुसरी सवय. वेगळी खोली, निदान घराचं वेगळं टोक. सशांना, गिनीपिगना दोन ते चार आठवडे आणि सरपटणाऱ्यांना दोन ते तीन महिने. काम करताना आधी निरोगी, मग जुने आजारी, सगळ्यात शेवटी नवे, हा क्रम मोडायचा नाही, कपडे आणि भांडीसुद्धा त्याच क्रमाने. याचा अर्थ असा की तुमच्याकडे सहा जागा असतील तर त्यातली एक कायम रिकामी हवी. लोकांना रिकामा टब बघवत नाही, पण ती रिकामी जागा हाच तुमचा क्वारंटाइन आहे.

तुमच्या चार स्लायडरपैकी एकाचे डोळे सुजलेत आणि ते खात नाही असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक वेळा असं कासव माझ्याकडे येतं तेव्हा गोष्ट तीच असते, वर्षानुवर्षं फक्त वाळवलेली कोळंबी. अंगठ्याने कवचाची कड हलकेच दाबली तर ती आत जाते, जिथे घट्ट असायला पाहिजे तिथे रबरासारखी दबते, मागचे पाय ओढतं, पापण्या इतक्या फुगलेल्या की डोळा दिसतच नाही. पापण्या सुजतात त्यामागे बऱ्याचदा व्हिटॅमिन ए ची कमतरता असते, कवच मऊ होतं ते कॅल्शियम आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, न मिळाल्याने. ऊन खिडकीच्या काचेतून येत असेल तर त्याचा काही उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. बडोद्यात सकाळचं ऊन फुकट आहे, वीस-पंचवीस मिनिटं बाहेर, पण अर्धा टब सावलीत असलाच पाहिजे आणि काचेच्या टाकीत ठेवून उन्हात कधीच ठेवायचं नाही, बघता बघता पाणी तापतं. यूव्हीबीची ट्यूब लावलीत तर उजेड दिसत राहतो पण यूव्हीबी संपलेलं असतं, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी बदलायची. डोळ्यांत घरचे ड्रॉप घालू नका, व्हिटॅमिन ए चं इंजेक्शन कोणी सहज द्यायला निघालं तर थांबवा, त्याचा डोस जास्त झाला तर कातडी सोलवटते. प्राणी बघून, वजन करून मगच.

औषधांचं एक सांगून ठेवतो कारण यात प्राणी हकनाक जातात. ससा, गिनीपिग, हॅम्स्टर यांना तोंडाने पेनिसिलिन जातीची अँटिबायोटिक, म्हणजे अमॉक्सिसिलिनसुद्धा, द्यायची नाहीत, पोटातले चांगले जंतू मरतात आणि दोन-चार दिवसांत प्राणी जातो. सशाला कुत्र्याचा गोचीड-पिसवांचा फिप्रोनिल स्प्रे मारायचा नाही. कासवाला आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध कोणत्याही कारणाने नाही. हे तिन्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून औषधाच्या डब्यावर चिकटवा, तुम्ही घरी नसताना कोणी मदतनीस असेल त्यालाही दिसेल. आणि रेस्क्यूचं नाव ठरवायच्या आधी डॉक्टर ठरवा, सशाची भूल देणारा, कासवाचा एक्स-रे बघणारा. शहरात असे मोजकेच आहेत, अवघड केस असली तर आणंदचं वेटरनरी कॉलेज जवळ आहे, तिथे एकदा आधीच जाऊन ओळख करून घ्या.

ससे. हे तर आजच करायचं काम आहे, हे वाचून झाल्यावर नर आणि माद्या वेगळ्या करा. सशाची मादी व्यायली की त्याच दिवशी परत गाभण राहू शकते आणि गाभणकाळ फक्त ३१ दिवसांचा असतो, म्हणून तर जोडीची एवढी फौज झाली. नर-मादी ओळखता येत नसतील तर सगळ्यांना घेऊन या, अंदाजाने वेगळे केले की नेमका एक नर माद्यांमध्ये राहतो. नराची नसबंदी केली तरी पुढचे चार ते सहा आठवडे तो माद्यांजवळ नको. गिनीपिग आले तर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की नर बाजूला काढायचे. सीरियन हॅम्स्टर तर एका पिंजऱ्यात एकच, दोन ठेवले की मारामारी होते.

खाण्यात सशाला ऐंशी टक्के गवत लागतं, पॅकेटमधले दाणे नाहीत. टिमोथी गवत महाग पडतं, मी हरळी, ओटचं सुकं गवत असं मिसळून द्यायला सांगतो. इथे गायींसाठी रजको, म्हणजे लसूणघास, सगळीकडे मिळतो आणि लोक तोच रोज घालतात, तो पिल्लांना ठीक आहे पण मोठ्या सशाला रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन लघवीचा त्रास होतो. गिनीपिगला व्हिटॅमिन सी रोज बाहेरून मिळालंच पाहिजे, त्याचं शरीर ते बनवत नाही, भोपळी मिरची उत्तम. ससा बारा तास खात नसेल, लेंड्या पडत नसतील तर ती इमर्जन्सी समजायची, सकाळी बघू असं नाही. आणि आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाळा मारतो. मे महिन्यात बाहेर ४३ असतं तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ससा टिकत नाही, तिशीच्या पुढे गेलं की त्याला त्रास सुरू होतो. म्हणजे उन्हाळ्यात तुम्ही तेवढेच ससे ठेवू शकता जेवढे घरातल्या एका थंड खोलीत मावतील. बघा, जागेचं उत्तर इथे मिळालं, चौरस फुटात नाही तर मे महिन्याच्या दुपारी किती प्राणी थंड राहतील त्यात.

एक अशी गोष्ट जी फारसं कोणी करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. कोणी कासव द्यायला आलं की लगेच घेऊ नका, आधी विचारा का देताय. वास येतो, मोठं झालं, खात नाही, सुट्टीत कोण बघणार, बहुतेक कारणं अशी असतात. वास फिल्टरने आणि वेगळ्या टबात खायला घातल्याने जातो. मोठ्या कासवाला मोठा प्लॅस्टिकचा टब आणि वर येऊन बसायला एक तिरकी फळी एवढं बसवून दिलं की तोच मालक त्याला पुढची वर्षं सांभाळतो. तुमच्या घरातला एक टब अडकण्यापेक्षा तुम्ही एका रविवारी त्यांच्या घरी जाऊन दोन तास घालवले तर प्राणीही घर बदलायच्या ताणातून वाचतो. दिवाळीत गावाला जाणाऱ्यांचे प्राणी आठ दिवस ठेवून घ्या, त्याचे पैसेही घ्या, त्यात काही वाईट नाही, लोक टाकून देत नाहीत मग.

दुकानातला आजारी प्राणी दया येते म्हणून विकत घेऊ नका. तुम्ही दिलेल्या पैशातून दुकानदार पुढच्या आठवड्यात तसेच दोन आणतो. पेट शॉपना २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाकडे नोंदणी लागते, हाल दिसले तर फोटो आणि तारखेसकट लेखी तक्रार करा.

रजिस्ट्रेशनचं म्हणाल तर ट्रस्टची घाई नको. चॅरिटी कमिशनरकडे ट्रस्ट नोंदवला की दरवर्षी हिशोब, ऑडिट हे सगळं मागे लागतं, आणि देणगीदाराला करसवलत द्यायची तर त्याचे आयकराचे कागद वेगळे. पहिलं वर्ष फक्त एक वही आणि एक वेगळं बँक खातं पुरतं. वहीत प्रत्येक प्राण्याचं पान, कोणाकडून आला, कधी, त्यांची सही, येतानाचं वजन. दर रविवारी वजन करायचं, ग्रॅममध्ये मोजणारा किचनचा काटा घ्या पण तो मग किचनमध्ये परत न्यायचा नाही. ससा, कासव, हॅम्स्टर हे आजार लपवतात, पण काटा आधी सांगतो. हे काम मुलाला द्या, आठवीतला मुलगा उत्तम करेल, मात्र दहावी-बारावी आली की ते काम कोण घेणार हे आत्ताच बोलून ठेवा. तसंच सासूबाईंचं हो मनापासून आहे का हेही, कारण दुपारी बेल वाजली की दार त्याच उघडणार आहेत.

दत्तक देताना घर बघितल्याशिवाय प्राणी द्यायचा नाही, आणि जमलं नाही तर परत घेऊ हे लेखी द्यायचं. ससे नसबंदी करूनच द्या. गोंडस फोटो टाकून जाहिरात केली की दहा जण दुकानातून नवा घेतात, म्हणून फोटोसोबत त्याला लागणारा टब, महिन्याचं गवत, त्याचं आयुष्य हेही लिहा. स्लायडरला घर मिळायला फार वेळ लागेल, काहींना मिळणारच नाही हे धरून चाला. म्हणून पहिल्या वर्षासाठी माझा सल्ला, आत्ताची चार कासवं सोडून पाचवं घ्यायचं नाही, ससे कमी होऊन चारवर येईपर्यंत नवीन ससा नाही, गिनीपिग-हॅम्स्टर मिळून दोन पिंजरे, आणि एक जागा रिकामी. तुमच्याकडे मदतीला अजून दोन घरं तयार झाली तर आकडा वाढेल, तो भाग परिस्थितीवर आहे.

शेवटचा प्रश्न तुमचा बोर्डाचा होता, फाटकावर नाव लावायचं का. लावू नका, आणि ऑनलाइनही पत्ता देऊ नका, फक्त फोन नंबर, तोही घरच्यापेक्षा वेगळा आणि ठरलेल्या वेळेत. पत्ता कळला की लोक रात्री बुटांच्या खोक्यात ससा भरून फाटकाशी ठेवून जातात, सकाळी उठेपर्यंत कुत्र्यांनी काम केलेलं असतं. ज्याला द्यायचंय त्याने फोन करावा, बोलावं, सही करावी आणि तुमची जागा असेल तेव्हाच आणावं. डोळे सुजलेलं ते कासव मात्र उद्याच कुठल्याही जाणत्या डॉक्टरकडे न्या, पाण्यात न ठेवता ओल्या फडक्यावर, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात.